गुच्छी: आधी चिरावी, मग शिजवावी, मगच तिचे गुण पाहावेत

गुच्छीचे नाव निघाले की बोलणे लवकरच दोन गोष्टींकडे वळते: ती किती दुर्मिळ आहे आणि ती किती गुणकारी आहे. या दोन्हींच्या आधी सांगायला हवी ती गोष्ट मात्र अनेकदा राहून जाते. ही अळंबी कच्ची खाल्ली तर बाधते, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या काही अळंब्या शिजवल्यानंतरही जिवावर बेतू शकतात. म्हणून या लेखाचा क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. आधी ओळख, मग खुडणे, साफ करणे, वाळवणे आणि शिजवणे येईल, आणि आरोग्याचे उपयोग त्यानंतर. गुच्छीचा जो काही फायदा शरीराला मिळतो तो सुरी आणि विस्तव या दोन दारांतून आल्यावरच मिळतो. ज्यांना केवळ औषधी गुणांची माहिती हवी आहे त्यांनीही मधली पायरी गाळू नये, अशी विनंती आहे.

गुच्छी म्हणजे नेमके काय

गुच्छी ही एकच जाती नाही. मॉर्केला या प्रजातीतील अनेक जातींना मिळून आपण गुच्छी म्हणतो. पर्सून या कवकशास्त्रज्ञाने १७९४ साली या प्रजातीला शास्त्रीय मांडणीत स्थान दिले. ढोबळमानाने तिचे तीन गट पडतात. पिवळ्या गुच्छीचा रंग मधासारखा किंवा मळकट पिवळा असतो. काळ्या गुच्छीच्या टोपीवरच्या उभ्या कडा वाढ होईल तशा गडद होत जातात. तिसऱ्या गटातील गुच्छीची टोपी देठाला अर्ध्यापर्यंतच चिकटलेली असून खालचा अर्धा भाग झालरीसारखा मोकळा लोंबतो.

छत्रीसारख्या नेहमीच्या अळंबीच्या टोपीखाली पातळ कल्ले असतात आणि बीजाणू त्या कल्ल्यांवर तयार होतात. गुच्छीला कल्ले नसतात. तिच्या टोपीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खळगे असतात, त्या खळग्यांना आतून अतिसूक्ष्म पिशव्यांचे अस्तर असते आणि प्रत्येक पिशवीत साधारणपणे आठ बीजाणू असतात. चिनी भाषेत तिच्या नावाचा अर्थ ‘मेंढीच्या पोटाची अळंबी’ असा होतो. मेंढीच्या जठराचे आतले जाळीदार अस्तर ज्याने पाहिले आहे त्याला ही उपमा लगेच पटेल.

आपल्याला दिसते ती गुच्छी म्हणजे केवळ फळ. खरा जीव जमिनीखाली पसरलेल्या बारीक धाग्यांच्या जाळ्यात असतो, आणि हे कवकजाल प्रतिकूल काळात टणक गाठींच्या रूपाने तग धरून राहते. या गाठींचे वर्तन समजल्यावरच तिची लागवड शक्य झाली. रोनाल्ड ओवर यांनी बंदिस्त जागेत गुच्छी वाढवल्याचे १९८२ साली प्रसिद्ध केले, आणि गेल्या काही वर्षांत चीनमध्ये तिची शेतात मोठ्या प्रमाणावर लागवड होऊ लागली. लागवडीची असो वा रानातली, पुढे दिलेले शिजवण्याचे नियम दोन्हींना सारखेच लागू आहेत.

कुठे आणि केव्हा पाहावे

गुच्छी थंड आणि समशीतोष्ण प्रदेशातली आहे. हिमालयाच्या उतारांवर, तसेच युरोप, तुर्कस्तान, चीन आणि उत्तर अमेरिकेच्या रानांत ती वसंत ऋतूत उगवते. बर्फ वितळून जमीन ओली झालेली असावी, दिवस उबदार आणि रात्री गार असाव्यात आणि मातीचे तापमान साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपास आलेले असावे, अशा वेळी ती डोके वर काढते. पर्वतावर हा हंगाम पायथ्याशी आधी सुरू होतो आणि ऊन वाढेल तसा वर सरकत जातो, त्यामुळे एका उंचीवर गुच्छी संपली तरी थोडे वर चढल्यावर ती पुन्हा सापडू शकते.

झाडांकडे लक्ष ठेवणे जमिनीकडे पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे. देवदार आणि पाइन यांच्या रानांत, तसेच एल्म, अ‍ॅश आणि सफरचंद यांच्या झाडांखाली, विशेषतः झाड नुकतेच मेलेले किंवा मरणपंथाला लागलेले असेल तेथे, गुच्छी मिळण्याची शक्यता अधिक असते. सूचिपर्णी रानात वणवा लागून गेला असेल तर पुढच्या वसंतात काही जाती तेथे विपुल उगवतात.

जागेबाबत एक इशारा मात्र ठामपणे द्यायला हवा. अळंबी मातीतले जड धातू शोषून घेते. अमेरिकेतील सफरचंदाच्या जुन्या बागांमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिसे आणि आर्सेनिक असलेले कीटकनाशक सर्रास फवारले जाई, आणि अशा बागांत पुढे उगवलेल्या गुच्छीत हे दोन्ही धातू आढळले आहेत. हे विष शिजवून जात नाही. जुन्या फळबागा, वर्दळीच्या रस्त्यांच्या कडा, कारखान्यांचे आवार आणि कचरा टाकण्याच्या जागा येथील गुच्छी कितीही सुरेख दिसली तरी खाण्यासाठी घेऊ नये.

ओळखीची कसोटी: वरपासून खालपर्यंत उभी चीर

बाहेरून पाहून ओळख पटवण्याची सवय अळंबीच्या बाबतीत सर्वांत धोक्याची आहे. गुच्छी ओळखण्याची भरवशाची पद्धत म्हणजे टोपीच्या टोकापासून देठाच्या बुडापर्यंत एक सरळ उभी चीर देऊन दोन्ही भाग उघडून पाहणे. ही चीर एखाद-दुसऱ्या नमुन्याला देऊन भागत नाही, कारण चांगल्या गुच्छ्यांच्या शेजारीच खोटीही उगवलेली असू शकते. टोपलीतली प्रत्येक अळंबी चिरावी लागते.

चिरल्यावर खरी गुच्छी आतून पूर्ण पोकळ दिसते. टोपीची पोकळी आणि देठाची पोकळी मध्ये पडदा न येता एकमेकींना जोडलेली असते, जणू साच्यात ओतून काढलेली एकच सलग नळी. आत कापसासारखा भुसा नसतो, कप्पे नसतात आणि गरही नसतो. पिवळ्या आणि काळ्या गुच्छीत टोपीची खालची कड देठाला चिकटलेली असते. बाहेरच्या बाजूने पाहिले तर टोपीवर खळगे असतात, म्हणजे पृष्ठभाग आत दबलेला असतो आणि खळग्यांभोवती कडा उभ्या असतात. खळगा आणि सुरकुती यांतला हा फरक डोळ्यांत भरेपर्यंत रानात कोणत्याही जाणत्या माणसाशिवाय जाऊ नये. पुस्तकातील चित्र किंवा फोनवरचे ओळखीचे अ‍ॅप जाणत्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. असे अ‍ॅप फोटोतील बाह्य रूपावरून अंदाज बांधते, आणि आपल्याला हवे असलेले उत्तर अळंबीच्या आत असते.

आता तोतयांकडे वळू. त्यांतली सर्वांत घातक म्हणजे जायरोमिट्रा प्रजातीतील खोटी गुच्छी. तिची टोपी तांबूस तपकिरी असते आणि तिच्यावर खळग्यांऐवजी मेंदूसारख्या गुंडाळलेल्या घड्या असतात. चिरल्यावर आत एक सलग पोकळी न दिसता वेडेवाकडे कप्पे दिसतात. तिच्यातील जायरोमिट्रिन या द्रव्याचे शरीरात मोनोमिथाइल हायड्रेझिन बनते. हेच रसायन अग्निबाणाचे इंधन म्हणूनही वापरले जाते, एवढे सांगितले तरी त्याच्या जातकुळीची कल्पना यावी. ते सुमारे ८७ अंश सेल्सिअसला उकळत असल्यामुळे अशी अळंबी शिजवताना निघणारी वाफसुद्धा विषारी असते. उकळल्याने किंवा वाळवल्याने विष कमी होते, पण ते पूर्ण जाते असे मानता येत नाही. फिनलंडमध्ये ही अळंबी विशिष्ट इशाऱ्यांसह विकली जाते आणि तेथील लोक ती अनेकदा उकळून, पाणी फेकून खातात, हे खरे आहे. तरी ज्याला हे शिकवणारी परंपरा लाभलेली नाही त्याने या वाटेला जाण्याचे काहीच कारण नाही. फ्रेंच आल्प्समधील माँशाव्हाँ या गावात ए.एल.एस. या असाध्य मज्जाविकाराचे रुग्ण असाधारण संख्येने आढळले होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रुग्णांच्या आहारात खोट्या गुच्छीचा संबंध दिसून आला. संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, परंतु दूर राहण्यास तेवढे पुरेसे आहे.

दुसरी तोतया व्हर्पा. तिची टोपी सुरकुतलेली असून बोटावर शिवणकामाचे टोपण घालावे तशी देठाच्या केवळ टोकाशी जोडलेली असते आणि बाकी सर्व बाजूंनी मोकळी असते. कोवळ्या देठात कापसासारखे तंतू भरलेले दिसतात. टोपी अर्धी मोकळी असलेल्या खऱ्या गुच्छीशी तिची गल्लत सहज होते, म्हणून नवशिक्याने हा तिसरा गटच सोडून द्यावा, असे माझे मत आहे. व्हर्पा जास्त खाण्यात आली तर पोट बिघडते आणि हालचालींवरचा ताबाही जाऊ शकतो.

खुडणे

गुच्छी मुळापासून उपटावी की सुरीने कापावी, यावर रानात जाणाऱ्यांमध्ये नेहमी वाद होतात. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ पासून सुमारे तीन दशके चाललेल्या एका अभ्यासात रानातील अळंब्यांवर हा प्रश्न तपासला गेला, आणि कापणे वा उपटणे यांपैकी कशानेही पुढच्या वर्षांचे पीक घटत नसल्याचे दिसले. घट झाली ती जमीन पायाखाली तुडवली गेल्याने. तेव्हा पाय जपून टाकावा हे सुरीच्या वादापेक्षा महत्त्वाचे आहे. तरी गुच्छी देठाच्या बुडाशी कापावी असेच मी सुचवीन, कारण त्यामुळे माती टोपलीत येत नाही आणि पुढची साफसफाई निम्म्याने कमी होते.

घट्ट, कोरडी आणि ताजा मातकट वास असलेली अळंबीच घ्यावी. बोटाने दाबल्यावर मऊ पडणारी, कडा काळवंडून गळू लागलेली किंवा आंबूस वासाची गुच्छी जातीने खरी असली तरी सडू लागलेली असते, आणि अशी अळंबी खाऊन होणारा त्रास अनेकदा विषबाधेच्या खात्यावर मांडला जातो. गोळा करण्यासाठी हवा खेळेल अशी टोपली किंवा कापडी पिशवी वापरावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजते आणि काही तासांतच बिघडू लागते. नंतर तपासणीत गोंधळ नको म्हणून संशयास्पद नमुना चांगल्या गुच्छ्यांच्या टोपलीत कधीही ठेवू नये.

साफ करणे आणि साठवणे

खळग्यांमध्ये माती, पाइनच्या सुया आणि कीटक लपलेले असतात, आणि पोकळीत तर गोगलगायसुद्धा निघते. उभी चीर दिलेली असल्यामुळे आतली बाजू उघडीच असते. आधी मऊ कुंचल्याने कोरडी माती झटकावी, मग वाहत्या पाण्याखाली प्रत्येक अर्ध थोडा वेळ धरून लगेच निथळत ठेवावा. मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवण्याची पद्धत काही जण सांगतात. तिने कीटक बाहेर येतात हे खरे, परंतु अळंबी पाणी पिऊन लिबलिबीत होते आणि स्वादही उतरतो. पाच-दहा मिनिटे बुडवणे पुरेसे आहे.

ताजी गुच्छी कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत वापरावी. धुतलेली गुच्छी तेवढीही टिकत नाही, म्हणून धुणे शिजवण्याच्या अगदी आधी करावे. गोठवून ठेवायची असेल तर आधी पूर्ण शिजवून घ्यावी. गोठवण्याने तिच्यातील बाधक द्रव्ये नष्ट होत नाहीत.

वाळवणे आणि पुन्हा भिजवणे

ताज्या गुच्छीत सुमारे ९० टक्के पाणी असते, त्यामुळे एक किलो ताजी अळंबी वाळून अदमासे १०० ग्रॅम उरते. चिरलेले अर्ध एकमेकांना न चिकटतील असे जाळीवर पसरावेत किंवा दोऱ्यात ओवून वाऱ्यावर टांगावेत. यंत्रात वाळवायचे तर ४५ ते ५५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे. त्याहून जास्त उष्णतेने बाहेरचा थर कडक होतो आणि ओल आत अडकते. वाळलेला तुकडा न वाकता ‘टक’ आवाज करून मोडला पाहिजे. तो वाकला तर अजून ओल आहे, आणि ती ओल डब्यात बुरशी आणील. पूर्ण वाळलेली गुच्छी काचेच्या हवाबंद बरणीत अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवली तर वर्षभर सहज टिकते, आणि तिचा सुगंध ताजीपेक्षा अधिक गाढ होतो. गुच्छीच्या बाबतीत वाळवण ही कमअस्सल आवृत्ती ठरत नाही, हे यातले एक सुख.

वापरताना ती कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटे भिजवावी. ते पाणी गर्द तपकिरी आणि मोहक वासाचे होते, आणि अनेक बल्लवाचार्य ते गाळून रश्शात घालतात. त्यात खळग्यांतली वाळू उतरते आणि अळंबीतून सुटणारी द्रव्येही उतरतात. पहिल्यांदा गुच्छी खाणाऱ्याने ते पाणी टाकूनच द्यावे. ज्यांना ती सोसते हे माहीत आहे त्यांनी वापरायचे तर दाट कापडातून गाळून आणि चांगले उकळूनच वापरावे. वाळवणे म्हणजे शिजवणे नव्हे. वाळलेली गुच्छी भिजवून मऊ झाली की ती खाण्यायोग्य दिसते खरी, पण तेव्हाही ती कच्चीच असते.

शिजवणे: येथे घाई चालत नाही

२०२३ च्या वसंतात अमेरिकेतील मोंटाना राज्यातील बोझमन येथे एका उपाहारगृहात गुच्छी घातलेला पदार्थ खाऊन ५१ जण आजारी पडले आणि त्यांतील दोघांचा मृत्यू झाला. अळंबी खोटी नव्हती. ती लागवडीची खरी गुच्छी होती, पण ती कच्ची किंवा अर्धीकच्ची वाढली गेली होती. एका वेळी तिच्यावर केवळ उकळता रस ओतून ती मुरवली होती, तर दुसऱ्या वेळी थंड मसाल्यात तशीच मुरवली होती. कच्च्या गुच्छीशी आजाराचा संबंध अधिक घट्ट असल्याचे तपासात दिसले. गरम पाणी ओतणे, वाफेवर क्षणभर धरणे, तव्यावर दोन मिनिटे फिरवणे यांपैकी कशालाही शिजवणे म्हणता येणार नाही, हे या घटनेने पुरते स्पष्ट केले आहे.

कच्च्या गुच्छीत बाधणारी द्रव्ये नेमकी कोणती आणि ती कशी काम करतात, याचा पूर्ण उलगडा शास्त्राला अजून झालेला नाही. ती पुरेशा उष्णतेने बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात, एवढे अनुभवाने ठरलेले आहे. म्हणून मी पुढील पद्धत सुचवतो. चिरलेली, धुतलेली गुच्छी भरपूर उकळत्या पाण्यात टाकावी, पाण्याला पुन्हा उकळी आल्यापासून दहा मिनिटे मोजावीत आणि मग ते पाणी टाकून द्यावे. अळंबी निथळून घेतल्यावर लोण्यात किंवा तेलात मध्यम आचेवर आणखी दहा मिनिटे, कडा तांबूस होऊन सुटलेले पाणी पूर्ण आटेपर्यंत परतावी. मोठे अर्ध असतील तर त्यांचे तुकडे करावेत, नाहीतर जाड देठ आतून कच्चा राहतो. सारण भरायचे असेल तर अळंबी आधी याच रीतीने शिजवून घ्यावी आणि मग भरावी. अखंड गुच्छीत सारण भरून थेट भट्टीत घालण्याची रीत दिसायला देखणी असली तरी तिच्यात उभ्या चिरेची कसोटीही हुकते आणि पुरते शिजणेही. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असावी आणि उकळत्या भांड्यावर वाकून वास घेत बसू नये.

उकळून पाणी फेकल्याने चव जाते, अशी तक्रार होते, आणि ती अगदीच खोटी नाही. थोडी चव जाते. मात्र परतताना उरलेला स्वाद एकवटून येतो, आणि जे जाते ते कमी मोलाचे मानावे.

पहिला घास, प्रमाण आणि कोणी टाळावे

पूर्ण शिजवलेली गुच्छीही सर्वांना मानवतेच असे नाही. पहिल्या वेळी एक-दोन लहान तुकडेच खावेत, त्या दिवशी दुसरी कोणतीही रानटी अळंबी खाऊ नये आणि पुढचे चोवीस तास शरीराकडे लक्ष ठेवावे. गुच्छीसोबत मद्य घेतल्यावर काही जणांना मळमळ आणि उलट्या होतात, म्हणून ही जोडी टाळावी. लहान मुले, गर्भवती आणि स्तनदा स्त्रिया, अतिवृद्ध माणसे आणि यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले रुग्ण यांनी रानातली गुच्छी खाऊ नये, असे मी म्हणेन. शिजवलेली गुच्छीही एका बैठकीत भरपूर किंवा लागोपाठ अनेक दिवस खाल्ल्यास काहींना चक्कर, हातापायांना कंप आणि चालताना तोल जाणे असा त्रास झाल्याची फ्रान्समध्ये नोंद आहे. हा त्रास बहुधा दिवसाभरात ओसरतो. महागडी अळंबी जास्त खाल्ली म्हणजे जास्त लाभ, हा हिशेब येथे चुकतो.

प्रत्येक वेळी शिजवण्याआधीचा एक न शिजवलेला नमुना कागदात गुंडाळून, तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवावा. काही बिघडले तर हाच नमुना डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडतो. कच्च्या गुच्छीमुळे होणारी मळमळ, उलट्या, जुलाब आणि पोटदुखी बहुधा खाल्ल्यापासून अर्ध्या तासात ते काही तासांत सुरू होते. खोट्या गुच्छीची लक्षणे मात्र बहुतेक वेळा सहा ते बारा तासांनी उमटतात आणि पुढे यकृताला इजा, फेफरे आणि बेशुद्धी येथवर जाऊ शकतात. त्यामुळे उशिरा सुरू झालेला त्रास किरकोळ समजण्याची चूक करू नये, उलट तोच अधिक गंभीर मानावा. घरगुती उतारे किंवा मुद्दाम उलटी काढणे यांत वेळ न घालवता नमुना घेऊन थेट रुग्णालय गाठावे. खोट्या गुच्छीमुळे येणाऱ्या फेफऱ्यांवर डॉक्टर ब६ जीवनसत्त्व शिरेतून देतात, आणि त्यासाठी अळंबी कोणती होती हे कळणे निर्णायक ठरते.

आता आरोग्याचे उपयोग

गुच्छीचे अन्नमूल्य खरोखर चांगले आहे, आणि ते सांगण्यासाठी अतिशयोक्तीची गरज नाही. १०० ग्रॅम ताज्या गुच्छीत सुमारे ३१ किलोकॅलरी ऊर्जा, ३ ग्रॅम प्रथिने, जवळपास ३ ग्रॅम तंतू आणि अर्ध्या ग्रॅमहून थोडी अधिक चरबी असते. पोटॅशियम सुमारे ४११ मिलिग्रॅम, फॉस्फरस १९४ मिलिग्रॅम, जस्त २ मिलिग्रॅम आणि तांबे ०.६ मिलिग्रॅम असते. सर्वांत लक्ष वेधणारे आकडे दोन आहेत: लोह सुमारे १२ मिलिग्रॅम आणि ड जीवनसत्त्व सुमारे ५ मायक्रोग्रॅम.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट रंजक आहे. अळंबीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते आणि त्यावर उन्हातील अतिनील किरण पडले की त्याचे ड२ जीवनसत्त्व बनते, जवळजवळ आपल्या त्वचेत घडते तसेच. अंधाऱ्या खोल्यांत वाढवलेल्या अळंबीत हे जीवनसत्त्व नगण्य असते, तर उघड्यावर उगवलेल्या गुच्छीत ते आपोआप तयार झालेले असते. प्रौढ माणसाला दिवसाला १५ मायक्रोग्रॅमची शिफारस केली जाते. एका वेळी ५० ग्रॅम ताजी किंवा पाच-सहा ग्रॅम वाळलेली गुच्छी खाल्ली तर त्यातून अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळेल, म्हणजे गरजेचा सहावा हिस्सा. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळणारे असल्यामुळे उकळून पाणी फेकले तरी ते फारसे जात नाही, आणि लोण्या-तेलात परतल्याने ते शोषले जाण्यास मदतच होते. पोटॅशियम आणि ब वर्गातील जीवनसत्त्वे मात्र पाण्यासोबत काही प्रमाणात निघून जातात.

लोहाच्या आकड्याने हुरळून जाऊ नये. वनस्पती आणि अळंबी यांतील लोह मांसातील लोहाइतके सहज शोषले जात नाही. सोबत लिंबू, टोमॅटो किंवा आंबट फळ असल्यास शोषण वाढते आणि जेवणालगत घेतलेल्या चहाने घटते. पंडुरोग झालेल्या माणसाने लोहाच्या गोळ्या सोडून गुच्छीच्या भरवशावर राहणे म्हणजे दिवाळीतल्या पणतीवर वर्षभराचा स्वयंपाक करायला निघणे होय. गुच्छी वर्षातून मोजक्या वेळा ताटात येते. रोजच्या आहाराचे काम रोजच्या अन्नानेच करायचे असते.

तंतूंविषयी थोडेसे. अळंबीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, तेच जे खेकड्याच्या कवचात असते. ते आपल्याला नीट पचत नाही, पण मोठ्या आतड्यातील जंतूंना अन्न म्हणून उपयोगी पडू शकते. ज्यांचे पोट हळवे आहे त्यांना अळंबी जड वाटते ती मुख्यतः यामुळेच.

औषधी दाव्यांबाबत अधिक सावधपणे बोलायला हवे. चीनच्या पारंपरिक वैद्यकात गुच्छी पचनाच्या तक्रारी आणि कफ यांसाठी सांगितली आहे. आधुनिक प्रयोगशाळांमध्ये तिच्यातील बहुशर्करा आणि फिनॉल वर्गातील द्रव्ये ऑक्सिडीकरण रोखतात आणि प्रतिकारसंस्थेतील पेशींना चालना देतात, असे परीक्षानळीत दिसले आहे. केरळमधील त्रिशूर येथील अमला कर्करोग संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मॉर्केला एस्क्युलेंटा या जातीच्या कवकजालाचा अर्क उंदरांवर तपासला. त्यांना त्यात दाहविरोधी आणि गाठीची वाढ रोखणारे गुण आढळले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात, सिस्प्लॅटिन आणि जेंटामायसिन या औषधांमुळे उंदरांच्या मूत्रपिंडाला होणारी इजा या अर्काने कमी झाल्याचे नोंदले आहे.

हे काम मोलाचे आहे, मात्र ते वाचताना तीन गोष्टी नजरेआड होऊ देऊ नयेत. प्रयोग उंदरांवर झाला. वापरला तो अर्क, आणि तोही प्रयोगशाळेत वाढवलेल्या कवकजालाचा, आपण खातो त्या फळाचा नव्हे. आणि अर्काची मात्रा वजनाच्या हिशेबाने मोजून दिलेली होती, ताटातल्या तुकड्यांतून ती मिळत नाही. कर्करोगावर, मूत्रपिंडाच्या आजारावर किंवा मधुमेहावर गुच्छी खाऊन उपचार होतो असे म्हणण्यास माणसांवरील प्रयोगांचा आधार नाही. ज्यांचे केमोथेरपीचे उपचार चालू आहेत त्यांनी तर कोणत्याही अळंबीचा अर्क आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तेव्हा गुच्छीचा खरा उपयोग कसा करावा? तिच्यात चरबी आणि ऊर्जा कमी असून स्वाद मात्र मांसासारखा भरदार असतो. ज्यांना मांस किंवा मीठ कमी करायचे आहे त्यांना हा स्वाद फार कामी येतो, कारण मूठभर परतलेली गुच्छी साध्या धान्याच्या किंवा भाजीच्या मोठ्या पातेल्याला जिवंत करते आणि वरून मीठ घालण्याची इच्छा कमी होते. मला विचाराल तर तिचा हा उपयोग कोणत्याही अर्कापेक्षा अधिक प्रामाणिक आणि अधिक हाती लागणारा आहे.

विकत घेताना

वाळलेली गुच्छी विकत घेताना अखंड किंवा मोठे अर्ध असलेला माल घ्यावा, चुरा घेऊ नये. चुऱ्यात ओळख पटवता येत नाही, आणि व्यापारातील वाळलेल्या गुच्छीत व्हर्पा आणि जायरोमिट्रा मिसळलेल्या सापडल्याची उदाहरणे आहेत. भिजवल्यावर प्रत्येक तुकडा उघडून सलग पोकळी तपासावी. आकाराच्या मानाने फार जड लागणाऱ्या गुच्छीच्या पोकळीत खडे किंवा माती असू शकते. बोटात दबणारा, कुबट वासाचा किंवा जाळी धरलेला माल परत करावा.

पुडीच्या आणि कॅप्सूलच्या रूपात मिळणारी गुच्छी मी स्वतः टाळतो, कारण तिच्यात नेमकी कोणती जाती आहे, फळ आहे की कवकजाल आहे आणि ते शिजवलेले होते का, यांपैकी काहीच डोळ्यांनी पाहता येत नाही. घरी वाळवलेल्या, तपासलेल्या गुच्छीची पूड करण्यास मात्र हरकत नाही. ती करताना नाकातोंडावर कापड बांधावे, कारण बारीक भुकटी श्वासातून गेल्यास खोकला येतो. ही पूड कच्चीच असते, म्हणून तयार पदार्थावर वरून भुरभुरू नये. रश्शात किंवा सुपात आरंभीच घालावी, आणि उकळी आल्यापासून दहा मिनिटे उकळल्यावरच भांडे खाली उतरवावे.